घरात गांजाचं रोप लावता येतं का? जर्मनीत तीन कुंड्यांना परवानगी, भारतात एका रोपालाही तुरुंग

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रकारचे व्हिडिओ खूप दिसायला लागले आहेत. खोलीच्या कोपऱ्यात कपाटाएवढा काळा तंबू, आत लख्ख एलईडी दिवा, छोटा पंखा आणि कुंडीत गांजाचं रोप. कॅप्शन असते, 'पहिल्यांदाच लावताय? या पाच चुका टाळा.' व्हिडिओ बर्लिनचा असतो, टोरांटोचा असतो, नाहीतर कॅलिफोर्नियाचा. बघणारा मात्र पुण्यात, नाशिकमध्ये किंवा कोल्हापुरात असतो. शिकायला म्हणून म्युनिकला नुकताच पोचलेला मराठी विद्यार्थीही तोच व्हिडिओ बघत असतो.

या व्हिडिओंमध्ये माती, दिवा, खत यांची माहिती भरपूर असते. पण हे रोप कोणत्या पत्त्यावर वाढतंय, या मुख्य मुद्द्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तेच रोप एका देशात बाल्कनीतला छंद ठरतं आणि दुसऱ्या देशात दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा. जिथे परवानगी आहे, तिथेही नवख्या माणसाचं रोप मरण्यापेक्षा त्याचा नियम चुकण्याची शक्यता जास्त असते.

म्हणून जर्मनीचं उदाहरण घेऊन हा विषय नीट समजून घेऊ. तिथे मराठी माणसांची संख्या वाढते आहे आणि तिथला कायदा नवा आहे, त्यामुळे गैरसमजही भरपूर आहेत.

जर्मनीत नेमकं काय बदललं?

१ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत नवा कॅनॅबिस कायदा लागू झाला. त्यामुळे १८ वर्षांवरील व्यक्तीला स्वतःच्या वापरापुरता गांजा जवळ बाळगता येतो आणि घरी एका वेळी जास्तीत जास्त तीन रोपं लावता येतात. घराबाहेर २५ ग्रॅमपर्यंत आणि घरात ५० ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा ठेवायला परवानगी आहे.

१ जुलै २०२४ पासून लागवड क्लबनाही परवाने मिळायला लागले. अशा क्लबमध्ये जास्तीत जास्त ५०० सभासद असू शकतात. ते मिळून लागवड करतात आणि पीक फक्त सभासदांमध्ये वाटून घेतात. एका सभासदाला महिन्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त मिळत नाही. वय १८ ते २१ असेल तर ही मर्यादा ३० ग्रॅम, आणि मालातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. जर्मनीत दारूच्या दुकानासारखं गांजाचं दुकान नाही. विकणं आजही गुन्हाच आहे. म्हणजे हौस म्हणून गांजा वापरायचा असेल, तर घरी लावणं आणि क्लबचं सभासद होणं हे दोनच कायदेशीर मार्ग उरतात. घरात लावण्याबद्दल तिथे इतकं कुतूहल आहे, ते याच कारणाने.

कोणाला लावता येतं?

इथे पहिलीच अट नव्याने गेलेल्या भारतीयांना अडवते. घरी रोप लावायचं तर त्या व्यक्तीचं किमान सहा महिन्यांपासून जर्मनीत वास्तव्य हवं. ऑक्टोबरमध्ये सेमिस्टर सुरू झालं आणि नोव्हेंबरमध्ये कुंडी मांडली, असं चालत नाही.

दुसरी अट जागेची. रोप स्वतःच्या राहत्या घरीच हवं. मित्राच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, ऑफिसात किंवा भाड्याच्या गोदामात नाही.

तिसरा मुद्दा मोजणीचा. तीन रोपांची मर्यादा घरामागे नाही, प्रौढ माणसामागे आहे. एका फ्लॅटमध्ये तीन प्रौढ राहत असतील तर कागदोपत्री नऊ रोपं चालतात. पण एकाच माणसाने नऊ रोपं लावली आणि 'घरात तिघं राहतो' म्हणून सांगितलं, तर ते बेकायदा. शिवाय रोपांच्या बाबतीत सवलतीची रेषा नाही. चौथं रोप थेट फौजदारी गुन्ह्यात मोडतं.

चौथी अट सुरक्षेची. रोपं आणि वाळलेला माल इतरांच्या, विशेषतः मुलांच्या हाती लागणार नाही, अशी व्यवस्था असली पाहिजे. शेअर फ्लॅटमध्ये याचा साधा अर्थ असा की सामायिक हॉलमध्ये कुंडी ठेवण्यापेक्षा स्वतःच्या कुलूप लागणाऱ्या खोलीत ठेवणं बरं, आणि वाळलेला माल कुलूपबंद डब्यात.

पाचवी गोष्ट शेजाऱ्यांची. घरच्या लागवडीचा शेजाऱ्यांना अवाजवी त्रास होता कामा नये, असं कायदाच सांगतो. फुलोऱ्यात आलेल्या गांजाचा वास भिंतीपलीकडे जातो. घरमालकाशी असलेला करारही आधी वाचावा लागतो, कारण ओल आणि बुरशीमुळे भिंत खराब झाली, तर गांजा कायदेशीर असला तरी नुकसानभरपाई भाडेकरूलाच भरावी लागू शकते.

बी कुठून आणायचं?

घरच्या लागवडीसाठी युरोपीय संघातल्या देशांमधून बी मागवायला जर्मन कायदा परवानगी देतो. अमेरिकेतून किंवा भारतातून बी मागवणं या सवलतीत बसत नाही. बॅगेतून गावाकडचं बी नेणं तर दोन्ही बाजूंनी अडचणीचं.

लागवड क्लब बिगरसभासदांनाही महिन्याला ७ बिया किंवा ५ कलमं देऊ शकतात. कलमाचा फायदा असा की ते मादी झाडाचं आहे, हे आधीच माहीत असतं. तोटा असा की क्लबच्या खोलीतली कीड कलमाबरोबर घरी येऊ शकते.

घरात वाढवायचं म्हणजे नेमकं काय?

हे झाड मुळात उघड्यावरचं आहे. भरपूर ऊन, वारा आणि निचऱ्याची जमीन त्याला हवी. जर्मनीत हिवाळ्यात दिवस आठ तासांचा होतो आणि ऊन क्वचित दिसतं. म्हणून लोक खोलीत तंबू लावून कृत्रिम उन्हाळा तयार करतात. त्यातल्या पाच गोष्टी समजल्या की बाकीचा तपशील समजायला सोपा जातो.

*प्रकाश हेच घड्याळ.* शेवंतीसारखंच गांजाचं झाड रात्रीची लांबी मोजतं. दिवस मोठे असतात तोवर ते फक्त पानं आणि फांद्या वाढवतं. रात्र लांबली की फुलोरा धरतं. आपल्याकडे पॉलिहाऊसमध्ये शेवंतीला रात्री दिवे लावून फुलं लांबवतात, त्यामागचं तत्त्व हेच. घरातले लोक वाढीच्या काळात साधारण १८ तास आणि फुलोऱ्यासाठी १२ तास दिवा ठेवतात. फुलोऱ्याच्या काळात रात्री तंबू उघडून मोबाइलच्या टॉर्चने रोप बघण्याची सवय इथे महागात पडते. अंधार वारंवार मोडला की झाड गोंधळतं आणि मादी झाडावरच नराची फुलं येऊ शकतात. ऑटोफ्लॉवर म्हणून विकल्या जाणाऱ्या जाती मात्र प्रकाशाच्या तासांवर अवलंबून नसतात. वय झालं की आपोआप फुलतात. नवखे लोक म्हणूनच त्या निवडतात. त्यांची एक मर्यादाही आहे. सुरुवातीला वाढ खुंटली तर भरून काढायला वेळ मिळत नाही.

*नर आणि मादी वेगळे.* पपईसारखंच इथे नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. ज्याला गांजा म्हणतात तो मादीचा फुलोरा. जवळ नर असला की मादीत बी धरतं आणि फुलोऱ्याचा कस उतरतो. म्हणून नर दिसताच काढून टाकतात. हे ज्ञान युरोपातून आलेलं नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या १८९३-९४ च्या चौकशीत, बंगालमधल्या गांजाच्या शेतात नर झाडं हेरून उपटणारे जाणकार असत, याची नोंद आहे. आज बाजारात मिळणाऱ्या 'फेमिनाइज्ड' बिया म्हणजे त्याच कामाला शोधलेला आधुनिक पर्याय.

*पाणी कमीच बरं.* पहिलं रोप बहुतेक वेळा तहानेने मरत नाही, लाडाने मरतं. रोज पाणी घातलं की मुळांना हवा मिळत नाही, पानं मलूल होऊन खाली झुकतात, आणि माणूस ते तहानेचं लक्षण समजून आणखी पाणी घालतो. कुंडी उचलून बघणं हा साधा उपाय. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर थांबायचं. खताचंही तसंच. पानांची टोकं करपायला लागली तर बहुतेक वेळा खत जास्त झालेलं असतं. तयार कुंडीमातीत पहिले काही आठवडे पुरेल इतकं अन्न असतंच.

*हवा आणि वास.* बंद तंबूत दिव्याची उष्णता आणि पानांतून निघणारी वाफ साचते. हवा खेळती नसेल तर दाट फुलोऱ्याला आतून करड्या रंगाची बुरशी लागते आणि ती बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यासाठी आतली हवा बाहेर खेचणारा पंखा लागतो आणि त्याला वास शोषणारा कार्बन फिल्टर जोडतात. बुरशी लागलेला भाग कापून उरलेला वापरणं धोक्याचं, कारण बुरशीचे कण श्वासातून फुप्फुसात जातात. फुलोऱ्यावर कीटकनाशक फवारणंही त्याच कारणासाठी टाळतात.

*वाळवणं.* कापल्यावर काम संपत नाही. अंधाऱ्या, थंड आणि हवेशीर जागेत साधारण एक ते दोन आठवडे सावकाश वाळवावं लागतं. घाईने हीटरवर किंवा ओव्हनमध्ये वाळवलेला माल खरखरीत होतो. अर्धवट वाळलेला डब्यात भरला तर आतच बुरशी धरतो. बी रुजण्यापासून वाळवण्यापर्यंत साधारण तीन ते पाच महिने जातात.

वीजबिल आणि वायरिंग

१०० वॅटचा दिवा रोज १८ तास चालला तर दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४ युनिट वीज लागते. जर्मनीत घरगुती वीज साधारण ३५ ते ४० सेंट युनिट धरली, तर नुसत्या दिव्याचे महिन्याला २० युरोच्या आसपास होतात. पंखा वेगळा. फुलोऱ्याच्या काळात दिवा १२ तासांवर आला की खर्च कमी होतो.

पण बिलापेक्षा वायरिंगकडे लक्ष देणं जास्त गरजेचं आहे. एका एक्सटेन्शन बोर्डात दुसरा, त्यात तिसरा, शेजारी पाण्याची बादली, आणि हे सगळं दिवसातले १८ तास सुरू. तंबूतली ओल आणि विजेची जोडणी एकमेकांपासून लांब ठेवणं, बोर्ड जमिनीपासून वर टांगणं आणि झाकण नसलेले, घरी जोडलेले दिवे न वापरणं, ही काळजी रोपापेक्षा माणसांसाठी आहे.

५० ग्रॅमचं अवघड गणित

जर्मन कायद्यात एक विचित्र गुंता आहे. रोपं तीन चालतात, पण घरात वाळलेला माल ५० ग्रॅमच चालतो. चांगल्या प्रकाशात वाढलेलं एकच रोप ५० ग्रॅमपेक्षा जास्त माल देऊ शकतं. म्हणजे सगळे नियम पाळून तीन रोपं लावणारा माणूस कापणीच्या आठवड्यात नकळत गुन्हेगार ठरू शकतो.

घरात ५० ते ६० ग्रॅमच्या दरम्यान माल सापडला तर दंडाची कारवाई होते. ६० ग्रॅमच्या वर फौजदारी गुन्हा, ज्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जास्तीचा माल विकता येत नाही, वाटता येत नाही, त्यामुळे तो नष्ट करणं हाच मार्ग उरतो. म्हणून समजदार लोक तिन्ही रोपं एकदम कापणीला येऊ देत नाहीत. एकच लावतात, किंवा काही आठवड्यांच्या अंतराने लावतात. व्हिडिओत मात्र 'जास्तीत जास्त उत्पन्न कसं काढायचं' हेच शिकवलं जातं. घरच्या रोपाच्या बाबतीत हा सल्ला उलटा पडतो.

मित्राला थोडं दिलं तर?

आपल्याकडे कढीपत्ता, लिंबू, शेवग्याच्या शेंगा शेजारी वाटल्या जातात. तीच सवय इथे धोक्याची. घरी पिकवलेला गांजा फक्त स्वतःच्या वापरासाठी आहे. दुसऱ्याला पैसे घेऊन देणं तर गुन्हा आहेच, फुकट देणंही कायद्याला मान्य नाही. वाढदिवसाला भेट, फ्लॅटमेटला चिमूटभर, सुट्टीला जाताना 'तू वापर' म्हणून ठेवलेला डबा, हे सगळं यात येतं. घेणारा १८ वर्षांखालचा असेल तर शिक्षा आणखी कडक होते.

गाडी, शाळा आणि तब्येत

ऑगस्ट २०२४ पासून जर्मनीत गाडी चालवताना रक्तातल्या टीएचसीची मर्यादा ठरली आहे. रक्तद्रवात प्रति मिलिलिटर ३.५ नॅनोग्रॅम. ती ओलांडली की पहिल्यांदा ५०० युरो दंड आणि एक महिना गाडी चालवायला बंदी. नवा परवाना मिळालेल्यांना आणि २१ वर्षांखालच्यांना ही सवलतही नाही, त्यांनी टीएचसी घेतलेलं असताना गाडी चालवायचीच नाही. नियमित वापरणाऱ्याच्या रक्तात टीएचसी दुसऱ्या दिवशीही सापडू शकतं, त्यामुळे 'रात्री ओढली, सकाळी उतरली' हा हिशेब कामाचा नाही. गांजा आणि दारू एकत्र घेऊन गाडी चालवणं वेगळं आणि जास्त महाग पडतं.

शाळा, खेळाची मैदानं, मुलांच्या बागा यांच्या दारापासून १०० मीटरच्या आत दिसेल अशा ठिकाणी ओढायला बंदी आहे. पादचारी रस्त्यांवर सकाळी ७ ते रात्री ८ या वेळेत चालत नाही.

कायदेशीर आहे म्हणजे निर्धोक आहे, असा अर्थ निघत नाही. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत सुरू असते. त्या वयात नियमित आणि तीव्र गांजा वापरणाऱ्यांना भास, संशय अशी मानसिक आजाराची लक्षणं दिसण्याचा धोका जास्त असतो, आणि घरात असा आजार आधीपासून असेल तर तो आणखी वाढतो. घरी पिकवलेल्या मालावर टक्केवारीचं लेबलही नसतं. तो किती तीव्र आहे, हे पिकवणाऱ्यालाही माहीत नसतं. केक किंवा बिस्किटात घातला तर परिणाम तासा-दोन तासांनी जाणवतो, आणि 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा तुकडा खाणारे दवाखान्यात पोचतात. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर अशा खाऊचा धोका रोपापेक्षा मोठा.

इतर देशांत एकच नियम आहे का?

नाही. व्हिडिओ बघताना फसगत होते ती इथेच.

उरुग्वेने २०१३ मध्ये घरच्या लागवडीसह गांजा कायदेशीर केला, तो पहिला देश. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून चार रोपं चालतात, पण ती माणसामागे नाहीत, घरामागे आहेत. क्युबेक प्रांताने घरच्या लागवडीवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. म्हणजे ओटावातून नदी ओलांडून पलीकडे गातिनोला गेलं की नियम बदलतो.

नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीर आहे, हा मोठा गैरसमज. तिथे थोड्या रोपांकडे पोलीस काणाडोळा करतात, पण ती जप्त होऊ शकतात, आणि खास दिवे-पंखे लावून केलेली लागवड व्यावसायिक समजली जाऊ शकते.

अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्नियात सहा रोपं चालतात. मराठी वस्ती भरपूर असलेल्या न्यू जर्सीने २०२१ मध्ये गांजा कायदेशीर केला खरा, पण त्या कायद्याने दुकानातून विकत घ्यायला परवानगी दिली आणि घरी लावायला दिली नाही. त्यावर संघराज्याच्या कायद्यात गांजा अजूनही निषिद्ध आहे आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं संघराज्याच्या हातात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाने राज्याच्या कायद्यात बसणारी गोष्ट केली, तरी ती अर्जाच्या वेळी आडवी येऊ शकते.

भारतात काय?

भारतात १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू आहे. त्याआधी अनेक राज्यांत गांजाची सरकारी परवान्याची दुकानं होती. या कायद्याच्या कलम ८ नुसार गांजाच्या झाडाची लागवड करायला बंदी आहे आणि कलम २० नुसार त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'एक किलोपर्यंत कमी शिक्षा असते' असं ऐकून लोक निर्धास्त होतात. एक किलोपर्यंत कमी प्रमाण आणि २० किलोपासून व्यावसायिक प्रमाण, ही वर्गवारी गांजा जवळ बाळगणं, विकणं, नेणं यासाठी आहे. लागवडीच्या तरतुदीत वजनाची किंवा रोपांच्या संख्येची पायरी नाही. उसाच्या सरीत लपवलेली झाडं असोत की बाल्कनीतली एक कुंडी, कलम तेच. शिक्षा किती द्यायची हे न्यायालय ठरवतं, पण अटक, जामीन, वकील आणि तारखा या फेऱ्यातून एका रोपालाही सुटका नाही.

दुसरा गैरसमज बियांचा. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत झाडाचा फुलोरा येतो. नुसतं बी आणि नुसती पानं त्यात येत नाहीत. भांगेला काही राज्यांत वेगळे नियम आहेत, ते याच कारणाने. पण झाड एकच आहे. पान म्हणजे भांग, मादीचा फुलोरा म्हणजे गांजा, डिंकासारखा चीक म्हणजे चरस. बी गांजाच्या व्याख्येत नाही म्हणून ते पेरलं तर लागवडीचा गुन्हा होत नाही, असं समजणं चूक आहे.

तिसरा गैरसमज उत्तराखंडचा. तिथे २०१८ पासून औद्योगिक हेम्पच्या लागवडीचे परवाने देतात. ती धागा आणि बियांसाठीची, अत्यल्प टीएचसी असलेल्या जातीची, परवान्याखालची शेती आहे. घरच्या कुंडीशी तिचा संबंध नाही.

घरमालकांसाठीही एक सूचना. आपल्या जागेत असा प्रकार चालू आहे हे माहीत असूनही जागा वापरू दिली, तर कलम २५ नुसार जागेच्या मालकालाही शिक्षा होते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तंबू आणि दिवे लावून गांजा पिकवणाऱ्या तरुणांना अटक झाल्याच्या बातम्या भारतातल्या मोठ्या शहरांतून येत असतात.

गावी येताना बॅगेत?

जर्मनीत किंवा कॅनडात कायदेशीर घेतलेला माल विमानतळापर्यंतच कायदेशीर असतो. भारतात आणला की ती अमली पदार्थांची आयात. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून 'हायड्रोपोनिक' गांजा पकडल्याच्या बातम्या नियमित येतात. तो असाच दिव्याखाली वाढवलेला गांजा असतो. बिया, गमी गोळ्या, टीएचसीचं तेल, व्हेपचं काडतूस, यातलं काहीही 'तिकडे दुकानात मिळतं' म्हणून बॅगेत टाकू नये. दुसऱ्याने दिलेली बंद पिशवी 'घरी पोचव' म्हणून घेऊन येणंही टाळावं, कारण पकडली जाते ती पिशवी आणणारी व्यक्ती.

सुरुवात करण्यापूर्वी या गोष्टी तपासा

- आपण राहतो त्या देशात, राज्यात आणि प्रांतात घरची लागवड कायदेशीर आहे का? विकत घेण्याची परवानगी आणि लावण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- मर्यादा माणसामागे आहे की घरामागे? रोपांची वेगळी आणि वाळलेल्या मालाची वेगळी मर्यादा आहे का?
- आपलं वास्तव्य पुरेशा काळाचं आहे का? जर्मनीत ते सहा महिने हवं.
- व्हिसावर, नोकरीच्या करारावर, घरभाड्याच्या करारावर याचा परिणाम होईल का?
- घरात मुलं, पाळीव प्राणी, मानसिक आजाराचा इतिहास आहे का?
- कुलूप, हवा, वास आणि वायरिंगची व्यवस्था रोप आणण्याआधी झाली आहे का?
- जास्तीचं पीक आलं तर ते नष्ट करायची तयारी आहे का?
- कायदा अजून तोच आहे का? जर्मनीतल्या २०२५ च्या नव्या सरकारने या कायद्याचा आढावा घ्यायचं ठरवलं होतं. थायलंडने २०२२ मध्ये मोकळा केलेला गांजा २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता केला. गेल्या वर्षीचा व्हिडिओ यंदाही बरोबर असेल, याची खात्री नाही.

पत्ता भारतातला असेल, तर यातला पहिला प्रश्नच शेवटचा ठरतो. कुंडीत काहीतरी वाढवण्याची आणि प्रकाश, पाणी, हवा यांचं गणित जमवण्याची हौस असेल, तर तोच तंबू आणि तोच दिवा वापरून शेवंती, टोमॅटो किंवा मिरची उत्तम वाढते. त्यांच्या फोटोंची रील टाकायलाही कोणाची हरकत नाही.